सोमेश्वरनगर : पांढरी नसलेले गाव

देशावरच्या जुन्या गावाचा पूर्वेतिहास धुंडाळू जाणाऱ्याच्या हाती काहीतरी लागतेच : वेशीतला मारुती, पाटलाच्या वाड्याचे जोते, कुलकर्ण्याच्या दप्तरातली एखादी सनद. बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगराला अशी जुन्या गावठाणाची पांढरी नाही. निंबूत, वाघळवाडी, वाणेवाडी, करंजे या पुरातन गावांच्या शेजारी, उसाच्या शिवारात, ही वसाहत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. नाव तिने घेतले ते करंज्याच्या सोमेश्वराचे, ज्याच्या दर्शनाला श्रावणी सोमवारी सारी पंचक्रोशी लोटते.

परंतु तिचा आरंभ साखर कारखान्याच्या पायाभरणीपाशी शोधणे मला अपुरे वाटते. ज्या मुलखात १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, आणि दुसऱ्याच वर्षी पावसाने पाठ फिरवल्यावर ज्या मुलखातील माणसे दुष्काळी कामावर पोटासाठी राबू लागली, त्याच मुलखाला पाणी देण्यासाठी सरकारने नीरेचा डावा कालवा काढला. १८८५च्या सुमारास तो वाहू लागला, आणि त्याला बारमाही आधार म्हणून वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधण्यात आले. सोमेश्वरनगराचा पाया तेव्हाच घातला गेला, असे मी मानतो.

कालव्याने सुबत्ता आणली, तशी नवी चिंताही आणली. उसाला अमर्याद पाणी पाजल्याने जमिनी चिबडल्या, काही ठिकाणी मिठाचे पांढरे पापुद्रे वर आले. नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींची शास्त्रीय पाहणी हॅरोल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१०मध्ये प्रसिद्ध केली. त्यापूर्वीच, पाण्याची नासाडी थांबावी आणि ते अधिक गावांना पुरावे म्हणून, विश्वेश्वरय्यांनी ठरावीक क्षेत्रालाच ठरावीक पाणी देण्याची ‘ब्लॉक’ पद्धत आखली होती.

ऊस तोडल्यावर जितका पडून राहील तितका त्याचा साखरउतारा घटतो, म्हणून कारखाना शहरात ठेवून चालत नाही. त्याला उसाकडे यावे लागते, आणि त्याच्यामागून फिटर, केमिस्ट, कारकून, शिक्षक, दुकानदार यांना. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी १९३०नंतरच्या दशकात वालचंदनगर याच रीतीने वसवले, पण तेथे भांडवल कंपनीचे होते. प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास निराळा मार्ग दाखवला, ज्यात ऊस घालणारा शेतकरीच कारखान्याचा भागधारक झाला. माळेगाव आणि भवानीनगर येथे तो मार्ग लवकरच रुजला. पुढे १९६०च्या दशकात ‘सोमेश्वर’चीही चिमणी उभी राहिली. कर्जाच्या खतावर अंगठा उठवणाऱ्या कुणब्यांच्या मुलखातच त्यांचे वारस सर्वसाधारण सभेत संचालकांना हिशेब विचारू लागले, हे स्थित्यंतर मला कालव्याहून मोठे वाटते. आरंभीच्या कर्त्या पुरुषांपैकी मुगुटराव काकडे यांचे नाव येथील महाविद्यालयाने जपले आहे.

मात्र या नगराचे आणखी काही वसाहतकरी कोठल्याच फलकावर नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडची ऊसतोड्यांची बिऱ्हाडे मुकादमाची उचल घेऊन येतात, मोकळ्या माळावर कोपी घालतात आणि पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. नवरा बुडख्याशी कोयता चालवतो. बायको पाचट सोलून, वाढे छाटून मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपाशी नेते. पुढे कारखान्याच्या गव्हाणीशी गाड्यांची रांग लागते, आणि नंबर येईतो बैलही जागचे हलत नाहीत. बाळंतपणे, बारशी, मुलांची अर्धवट शाळा, सारे त्या कोपीतच होते, आणि हंगामाचा पट्टा पडला की त्यांचा संसार पुन्हा गाडीत भरला जातो. सोमेश्वरनगराचा इतिहास लिहिणाऱ्याने भागधारकांच्या नोंदवहीशेजारी मुकादमांच्या वह्याही उघडाव्यात. या वसाहतीच्या पहिल्या रहिवाशांची अर्धी नावे तेथेच सापडतील.