पुस्तक मिटल्यानंतरची परीक्षा

छडी घेऊन वर्गात येणाऱ्या मास्तरांना मुलांनी ‘हिटलर’ हे टोपणनाव द्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत. घरात वडील जरा करड्या स्वभावाचे असले की त्यांनाही थट्टेने हीच पदवी मिळते. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र हमखास दिसते आणि ‘शिस्त असावी तर तशी’ म्हणणारे सुशिक्षितही अधूनमधून भेटतात. या थट्टेत दुष्टावा नसतो, पण अज्ञान मात्र असते. ज्या माणसाच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारले, त्याचे नाव आपल्या बोलण्यात कडक शिस्तीचे दुसरे नाव होऊन बसले आहे.

हे अज्ञान दूर करणारी पुस्तके मराठी वाचकाला परकी नाहीत. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ किती तरी घरांतल्या कपाटात असते. अ‍ॅन फ्रँकची डायरी मराठीत आली आहे. सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात तिच्यातला उताराही आहे. अडचण आहे ती पुस्तक मिटल्यानंतरची. मुलाला ते कळले की नाही, हे ओळखायचे कसे? आपल्याकडे त्याची ठरलेली वाट आहे. ‘लेखिकेला कोणत्या यातना सोसाव्या लागल्या? सात-आठ वाक्यांत लिहा.’ मूल गाईड उघडते, सात-आठ वाक्ये पाठ करते, गुण मिळवते आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना पुन्हा ‘हिटलर’ म्हणते!

मग दुसरी वाट कोणती? तिचा विचार नंदुरबारमध्ये बसून करावा, असे वाटण्याला कारण आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी या गावात ‘चले जाव’ची मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी तिच्यावर गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात हुतात्मा झाले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे तिरंगा हाती घेतलेला हा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता.

आता त्याच काळात युरोपात डोकावून पाहा. १२ जून १९४२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये अ‍ॅन फ्रँकला तेराव्या वाढदिवसाला एक वही भेट मिळाली. ६ जुलैला ती कुटुंबासह लपून राहायला गेली. नंदुरबारमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तिला दडून दोन महिने झाले होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ती पकडली गेली आणि १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सन छावणीत तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. एली वीझेल हा मुलगाही मे १९४४ मध्ये आउशवित्झच्या फाटकातून आत गेला तेव्हा पंधराच वर्षांचा होता. तो वाचला आणि पुढे त्याने ‘नाइट’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. १९८६ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नववी-दहावीच्या वर्गात बसलेली मुलेही याच वयाची असतात. म्हणून पहिला उद्योग सोपा आहे. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढावी. वरच्या बाजूला युरोपातल्या तारखा, खालच्या बाजूला आपल्याकडच्या. मुलांनी पुस्तकातून तारखा शोधून त्या जागच्या जागी लिहाव्यात. मात्र गुरुजींनी एक पथ्य पाळायला हवे. ‘कोणाचे दुःख मोठे’ अशी तुलना करू नये. शिरीषकुमार एका मागणीसाठी स्वतः होऊन रस्त्यावर उतरला होता. अ‍ॅनने काही मागितले नव्हते, कोणाला विरोध केला नव्हता. ती ज्यू घरात जन्मली, एवढाच तिचा गुन्हा ठरवला गेला. हा फरक ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आला, त्याला वंशसंहार या शब्दाचा अर्धा अर्थ कळला असे समजावे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ६० लाख हा आकडा मुलांच्या कानावरून नुसता वाहून जातो. २०११ च्या जनगणनेत अक्कलकुव्यापासून नवापूरपर्यंतच्या अख्ख्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत होती. असे साडेतीन जिल्हे रिकामे झाले तरी ६० लाख भरत नाहीत. मारल्या गेलेल्यांत मुलेच सुमारे १५ लाख होती. हे गणित फळ्यावर शिक्षकांनी मांडू नये. मुलांना मांडू द्यावे आणि मग थोडा वेळ वर्गात कोणी काही बोलू नये.

पण आकडा कितीही मोठा केला तरी त्याला चेहरा येत नाही. तो आणण्याचे काम जपानमधल्या काही मुलांनी कसे केले, ते ऐकण्यासारखे आहे. २००० साली टोकियोतल्या एका छोट्या संग्रहालयात आउशवित्झहून एक सूटकेस आली. तिच्यावर हाना ब्रॅडी हे नाव, जन्मतारीख आणि जर्मन भाषेत ‘अनाथ’ असा शब्द होता. ही मुलगी कोण, कशी दिसायची, तिचे काय झाले, असे प्रश्न मुलांनी विचारायला सुरुवात केली. फुमिको इशिओका या त्यांच्या बाईंनी पत्रे पाठवली, प्रवास केला, कागद धुंडाळले. हाना चेकोस्लोव्हाकियातल्या एका गावची होती आणि तेराव्या वर्षी आउशवित्झमध्ये मारली गेली होती, एवढे कळले. आणि तिचा भाऊ जॉर्ज कॅनडात हयात आहे, हेही कळले! त्या शोधावर कॅरन लेव्हिन यांनी पुस्तक लिहिले आणि ते मराठीतही आले. नंदुरबारच्या मुलांना टोकियोइतकाच युरोप दूर आहे. पण दूर असणे ही सबब होऊ शकत नाही, हे त्या मुलांनी दाखवून दिले.

नकाशा हेही असेच एक साधन. वीझेलचे सिगेत हे गाव रुमानियात होते, १९४० मध्ये हंगेरीकडे गेले आणि आज पुन्हा रुमानियात आहे. घर जागचे हलले नाही, सरहद्द हलली. गुजरात आणि मध्य प्रदेश ज्यांच्या उंबऱ्याशी आहेत आणि १९६० पूर्वी महाराष्ट्र-गुजरात एकाच राज्यात असल्याचे ज्यांचे आजोबा सांगतात, त्या मुलांना ही गोष्ट पटकन समजेल. सिगेत, आउशवित्झ, बुना, ग्लायवित्झ, बुखेनवाल्ड हा वीझेलचा प्रवास त्यांनी दोऱ्याने नकाशावर मोजावा, आणि तेवढाच दोरा नंदुरबारपासून भारताच्या नकाशावर प्रमाण सांभाळून पसरावा. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यूंना बाहेर नेण्यात आले, जवळजवळ सर्वांना आउशवित्झला आणि रेल्वेने. सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी रोज पाहणाऱ्या मुलाच्या मनात इथे एक साधा प्रश्न उभा राहतो. त्या गाड्यांचे वेळापत्रक कोणी केले असेल? सिग्नल कोणी पाडला असेल? हा प्रश्न ज्याने विचारला त्याने पुस्तक नीट वाचले. इतका मोठा संहार चार-दोन राक्षसांच्या हातून होत नाही. त्याला कारकून लागतात, गाडीवान लागतात आणि खिडकी लावून घेणारे शेजारीही लागतात.

आणि काही थोडे वेगळे वागणारे लागतात, तेव्हा कुठे कोणी वाचते. अ‍ॅनच्या कुटुंबाला दोन वर्षे गुपचूप अन्न पोचवणाऱ्यांत मीप खीस ही कचेरीतली कर्मचारी होती. अटकेनंतर जमिनीवर विखुरलेले अ‍ॅनचे कागद तिने उचलून जपून ठेवले, म्हणून ती डायरी जगाला मिळाली. मुलांना अ‍ॅनच्या नावाने खोटी पाने लिहायला सांगण्यापेक्षा मीपला स्वतःच्या नावाने पत्र लिहायला सांगावे. ‘तुमच्या जागी मी असतो तर’ हे वाक्य लिहिताना प्रामाणिक मुलाचा हात अडखळतो. ते अडखळणेच गुण देण्याजोगे आहे.

आता एक गोष्ट टाळायची. स्नेहसंमेलन जवळ आले की उत्साहाला भरती येते. कोणी हिटलरच्या मिशा लावते, कोणी पट्ट्यापट्ट्यांचे कपडे शिवते, रंगमंचावर छावणी उभी राहते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाचा शिक्षकांना सल्ला असा, की विद्यार्थ्यांना कैदी किंवा पहारेकरी करून असे प्रसंग वठवून घेऊ नयेत. दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत कोंडून घेतलेल्या मुलाला ‘मला आता कळले’ असे वाटते, आणि तेच खोटे असते. शिवाय अशा नाटकात पहारेकऱ्याची भूमिका मुलांना फार आवडते, हा धोका वेगळाच! नाटकच करायचे तर रिकाम्या खुर्च्या ठेवाव्यात आणि एकेका मुलाने पुढे येऊन एकेका माणसाचे नाव, गाव, वय आणि त्याच्याविषयी पुस्तकात आढळलेली एक खरी गोष्ट सांगून खाली बसावे. टाळ्या नकोत.

जर्मन कलावंत गुंटर डेम्निग नेमके हेच रस्त्यावर करीत आला आहे. १९९२ पासून तो दहा सेंटिमीटरच्या पितळी पट्ट्या फुटपाथमध्ये बसवतो. ‘इथे राहत असे’ एवढी सुरुवात, मग नाव, जन्मसाल आणि शेवट. २०२३ पर्यंत अशा एक लाख पट्ट्या युरोपभर बसल्या. वाचायचे तर वाकावे लागते. पुठ्ठ्याच्या तेवढ्याच तुकड्यावर पुस्तकातल्या एका माणसाची पट्टी करायला मुलांना सांगितले, तर जागा कमी असल्यामुळे प्रत्येक शब्द त्यांना पारखून घ्यावा लागेल. आणि मग ओघानेच प्रश्न येईल, की आपल्या गावच्या पाच हुतात्म्यांपैकी शिरीषकुमारखेरीज इतर चौघांविषयी अशी चार वाक्ये आपल्याला लिहिता येतील का?

पालकांना वाटेल, हे सारे परक्यांचे दुःख. आपला काय संबंध? संबंध अगदी घरातला आहे. कोकणातले बेने इस्रायली शतकानुशतके मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवून घेत सुखाने नांदले. युरोपात जे जिवावर बेतले, तेच ज्यूपण अलिबागच्या परिसरात शेजारपणाच्या आड आले नाही. पहाटे आकाशवाणी लागली की जी धून आपल्या पिढ्यांनी ऐकली, ती रचणारा वॉल्टर कॉफमन हा चेकोस्लोव्हाकियातला ज्यू संगीतकार. तो १९३४ मध्ये मुंबईला आला आणि वाचला. त्या धूनमध्येही या इतिहासाचा एक धागा आहे, हे मुलांना सांगितले तर पुस्तक एकदम घरात येते.

अर्थात वयाचा विवेक हवा. अ‍ॅनची डायरी आठवी-नववीला झेपते. ‘नाइट’ दहावीनंतर, आणि तेही घरातले कोणी सोबत वाचत असेल तर बरे. डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅनला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. वीझेलने मात्र सारे घडून गेल्यावर, सुमारे दहा वर्षे गप्प राहून मग लिहिले. इतकी वर्षे का थांबावे लागले, यावर घरात जेवताना बोलता येईल.

हाच धागा पुढे नेला तर मुले आपल्या घरातल्या आठवणींकडेही वेगळ्या नजरेने पाहतील. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ज्यांची घरे-शेते गेली, ती ३३ गावे याच जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची. तिथल्या एखाद्या आजोबांना विचारावे, जुन्या गावात घराचे दार कोणत्या दिशेला होते? त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे लिहून घ्यावे, तारीख-ठिकाण घालावे, आणि त्यांनाच वाचून दाखवून चुका सुधाराव्यात. ही युरोपातल्या संहाराशी बरोबरी नव्हे. दुसऱ्याची आठवण किती जपून हाताळायची, याचा तो सराव आहे.

आणि शेवटची परीक्षा, सर्वांत कठीण. या जिल्ह्यात घरोघरी अहिराणी, पावरी, भिली, मावची, गुजर अशा बोली बोलल्या जातात. शाळेत वाचलेले पुस्तक मुलाने घरी आपल्या बोलीत आजीला सांगावे. तिथे गाईड कामाला येत नाही. ‘छळछावणी’ला आजीच्या भाषेत शब्द नसतो, तो शोधावा लागतो. ‘यातना’, ‘अमानुष’ असे छापील शब्द गळून पडतात आणि राहतो तो एक पंधरा वर्षांचा मुलगा, त्याचा बाप, थंडी आणि भाकरीचा तुकडा. सारे ऐकून झाल्यावर आजी विचारील, मग त्याच्या बापाचे काय झाले? तो बाप बुखेनवाल्डमध्ये जानेवारी १९४५ मध्ये मेला, सुटकेच्या अवघ्या अडीच महिने आधी. हे सांगताना ज्या मुलाचा आवाज खाली येईल, त्याला किती गुण द्यायचे हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला पडू नये.