पळसगावचा नाईक, टायबरकाठची लढाई

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात सक्तीची भरती नव्हती, तरीही युद्ध संपेपर्यंत त्याची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली. आणि या स्वेच्छाभरतीमागे राजनिष्ठेपेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता, हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याकडे पाहिले की ध्यानात येते. पावसावरचे एकच भातपीक, तुकड्यातुकड्यांची खाचरे आणि खोताचा वाटा यांतून उरलेल्या धान्यावर वर्ष निभत नसे, म्हणून घरातला एखादा तरुण मुंबईच्या गिरणीत जाई, नाहीतर पलटणीत.

माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे (जन्म १६ नोव्हेंबर १९२१) याच पिढीचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. नाईक म्हणजे पायदळातील सर्वांत लहान तुकडीचा, दहाएक जवानांच्या सेक्शनचा, प्रमुख. जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते, पण हटताना प्रत्येक डोंगरसोंडेवर मशीनगन रोवून पाठलाग करणाऱ्यांना अडवीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ही ठाणी एकेक करून घेण्याचे काम दहाव्या हिंदी डिव्हिजनकडे होते आणि ही बटालियन त्याच डिव्हिजनमध्ये होती.

१० जुलै १९४४ रोजीच्या चढाईत अगदी जवळून झालेल्या माऱ्यात घाडगे यांच्या सेक्शनमधील बाकी सर्व जवान ठार वा जखमी झाले. मागे कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते एकटेच मशीनगनवर धावले. हातबॉम्बने त्यांनी ती गन आणि तिचा चालक निकामी केला, टॉमी गनने, म्हणजे हातात धरून चालवायच्या छोट्या स्वयंचलित बंदुकीने, आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला सवड नसल्याने तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे २२.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाले. इटलीतील लढायांत दिल्या गेलेल्या अशा २० पदकांपैकी ६ हिंदी जवानांना मिळाली. माणगावात घाडगे यांचा पुतळा आहे, आणि उम्ब्रिया प्रांतातील मोंतोने या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघडी उभारली. मात्र त्यांची कबर वा समाधी कोठे आहे हे ठाऊक नाही. इटलीतील कासिनोच्या स्मारकावर, दफनस्थान अज्ञात असलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या यादीत, त्यांचे नाव कोरलेले आहे. पदकामुळे एका नाइकाची काही मिनिटे इतिहासात नोंदली गेली, त्याच उतारावर पडलेल्या त्यांच्या साथीदारांच्या वाट्याला तेवढेही आले नाही, हा पदककेंद्री इतिहासलेखनाचा दोषच मानला पाहिजे.

युद्धात मरण पावलेल्या अशा सैनिकांच्या, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने ठेवलेल्या नोंदी आता नावानुसार कोणालाही पाहता येतात. ज्या घरांत युद्धात पडलेल्या पणजोबांची पदके किंवा पलटणीतून आलेली पत्रे अजून ट्रंकेत असतील, त्यांनी ती या नोंदींशी ताडून पाहावीत आणि रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात.