मोटारीतील टायरदाब-इशारा यंत्रणा : स्वरूप, कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना :

घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या मधोमध उद्गारचिन्ह असा एक पिवळा दिवा अलीकडच्या अनेक मोटारींच्या डॅशबोर्डवर आढळतो. ही आकृती म्हणजे टायरचा छेद होय. टायरमधील हवेचा दाब ठरावीक मर्यादेपेक्षा खाली गेल्याची सूचना देणे हे या दिव्याचे कार्य आहे. त्याच्याविषयी वाहनचालकांमध्ये दोन समजुती रूढ आहेत. थंडीच्या दिवसांत सकाळी लागून काही वेळाने आपोआप विझणारा दिवा म्हणजे वायरिंगमधील किरकोळ बिघाड होय, ही पहिली. दिवा लागलेला नाही त्याअर्थी चारही चाकांतील हवा योग्य आहे, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या असून त्यांपैकी दुसरी अधिक घातक आहे. प्रस्तुत लेखात या यंत्रणेची पार्श्वभूमी व रचना यांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

टायरचा दाब चालकाला बसल्या जागी कळावा अशी सोय १९८६ मध्ये पोर्श ९५९ या महागड्या मोटारीत करण्यात आली होती. परंतु ती सर्वसामान्य मोटारींत येण्यास एक मोठी दुर्घटना-मालिका कारणीभूत ठरली. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेतील सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. यांपैकी बरेचसे टायर फोर्ड एक्सप्लोरर या वाहनांवर बसविलेले होते. वेगात असताना टायरचा बाहेरचा पट्टा सुटून वाहन उलटल्याच्या घटनांत २७० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. दोष टायरच्या घडणीचा की वाहनाचा, यावर दोन्ही कंपन्यांत वाद झाला. या वादात शिफारस केलेल्या दाबाचा प्रश्नही पुढे आला. फोर्डने २६ पीएसआय दाब सुचविला होता, तर फायरस्टोनच्या मते तो ३० असावयास हवा होता. १ नोव्हेंबर २००० रोजी तेथे जो नवा कायदा झाला, त्यात दाबाची सूचना देणारी यंत्रणा वाहनांत बसविण्याची तरतूद होती.

या तरतुदीचा नियम ठरविताना झालेला वाद आजच्या वाहनधारकानेही जाणून घेण्यासारखा आहे. २००२ च्या पहिल्या नियमात, केवळ एका टायरचा दाब ३० टक्के घटल्यावर सूचना देणारी स्वस्त यंत्रणाही चालेल, अशी मुभा होती. २००३ मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. एप्रिल २००५ च्या नियमानुसार चारपैकी कोणत्याही अथवा सर्व टायरांत शिफारशीपेक्षा २५ टक्के घट झाल्यास दिवा लागणे बंधनकारक झाले. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. तेथील मर्यादा २० टक्क्यांची आहे.

या टक्केवारीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या गाडीसाठी ३३ पीएसआय दाब सुचविलेला आहे, तेथे २५ टक्के घट म्हणजे सुमारे २५ पीएसआय. तत्पूर्वी २८ किंवा २७ वर गाडी कित्येक आठवडे धावत असली तरी दिव्याने गप्प राहावे, हे कायद्याच्या चौकटीतच बसते. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि रबर व पोलादी पट्टा यांची पकड क्षीण होते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, आणि नंतर हवा भरल्याने ते भरूनही निघत नाही.

यंत्रणेचे दोन प्रकार :

प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकाच्या रिमला आतून, बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशी, एक सेन्सर जोडलेला असतो. तो दाब व तापमान मोजून रेडिओलहरींद्वारे गाडीतील संगणकाला कळवितो. प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र ओळखक्रमांक असल्यामुळे अनेक गाड्यांत चाकांची अदलाबदल केल्यावर यंत्रणेला नव्या जागा शिकवाव्या लागतात.

अप्रत्यक्ष प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते व ते चाक इतरांपेक्षा अधिक वेगाने फिरते. एबीएसचे सेन्सर हा फरक टिपतात. चारही टायर सारखेच उतरले तर मूळ पद्धतीला काहीच कळत नसे. नव्या पद्धतीत चाकाच्या कंपनांचेही विश्लेषण होत असल्याने ही उणीव बरीचशी दूर झाली आहे. परंतु या प्रकारात एक सापळा आहे. योग्य दाब कोणता हे यंत्रणेला चालकच सांगतो, तेही रीसेटचे बटण दाबून. दिवा लागला म्हणून हवा न भरताच बटण दाबणारा चालक कमी दाबालाच प्रमाण ठरवितो. त्यानंतर दिवा विझतो, परंतु धोका मात्र तसाच राहतो.

थंडीतील दिवा :

ऑक्टोबरमध्ये नागपुरात दुपारी ३५ अंश सेल्सिअस तापमानात, गाडी थंड असताना, ३३ पीएसआय हवा भरली असे मानू. वातावरणाचा दाब मिळवून हा दाब ४७.७ होतो. जानेवारीच्या पहाटे तापमान १० अंशांवर आले की वायूच्या नियमानुसार हा दाब सुमारे ४३.८ आणि गेजवरील आकडा सुमारे २९ होतो. टायरच्या रबरातून महिन्याकाठी साधारण एक पीएसआय हवा झिरपते, हे गृहीत धरल्यास तीन महिन्यांत आकडा २६ वर येतो. ही घट २१ टक्के आहे. २० टक्क्यांची मर्यादा असलेली यंत्रणा येथे दिवा लावणारच. गाडी धावल्यावर टायर तापतो, दाब वाढतो आणि काही गाड्यांत दिवा विझतो. म्हणजे बिघाड नव्हताच. हवा खरोखर कमी होती व आहे. यावर उपाय एकच : गाडी थंड असताना, चालकाच्या दाराच्या खांबावर दिलेल्या तक्त्यानुसार हवा भरावी. टायरवर छापलेला कमाल दाबाचा आकडा यासाठी वापरू नये, तसेच लांब प्रवासानंतर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडूही नये. नायट्रोजन भरल्यास या कटकटीतून सुटका होते असे पेट्रोलपंपावर सांगितले जाते. परंतु साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाचा नियम त्यालाही चुकत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात आता अधिक निकडीचा झाला आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे आणि तासन्‌तास एकाच वेगाने धावताना कमी हवेच्या टायरला थंड होण्यास उसंत मिळत नाही. दुसरीकडे, २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच व दाब-इशारा यंत्रणा असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. ज्या गाडीत स्टेपनीच नाही, तिच्या चालकाचा दिव्यावरील भार साहजिकच वाढतो.

सेन्सर-व्हॉल्व्हची निगा :

दिवा लागून स्थिर राहिला तर दाब कमी आहे असे समजावे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर अनेक गाड्यांत तो यंत्रणेतील बिघाडाचा संकेत असतो. अशा वेळी दिवा दाबाविषयी काहीच सांगत नसतो, त्यामुळे हवा गेजनेच तपासावी लागते. सेन्सरची बॅटरी साधारणतः पाच ते दहा वर्षे टिकते. ती आत सीलबंद असल्याने सहसा संपूर्ण सेन्सरच बदलावा लागतो.

सेन्सर बहुधा मोडतो तो टायर उतरविताना. बाहेरून स्ट्रिप घालून काढलेल्या पंक्चरचा त्याच्याशी संबंध येत नाही. परंतु टायर रिमवरून सोडविताना यंत्राचे फाळ व्हॉल्व्हजवळ दाबले गेले तर तो तुटतो. बाहेरून पाहता सेन्सरचा अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह आणि साधा धातूचा व्हॉल्व्ह यांत फरक ओळखू येतोच असे नाही, म्हणून आत सेन्सर आहे हे टायरवाल्याला आधीच सांगणे ही गाडीमालकाची जबाबदारी ठरते. टायर नवा बसविताना व्हॉल्व्हचे रबरी सील, नट व पिन बदलून घ्यावी. पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी. टोपणाबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. चकाकणारे पितळी टोपण दिसायला छान असते, परंतु पावसाळ्याच्या ओलीत पितळ व अॅल्युमिनियम यांच्या संपर्कातून गंज धरतो आणि टोपण व्हॉल्व्हवर चिकटून बसते. ते पकडीने पिळले की व्हॉल्व्हच तुटतो व चाकातील सगळी हवा जाते. अशा व्हॉल्व्हवर प्लॅस्टिकचे साधे टोपणच बसवावे.