पेशव्यांच्या पैशाचे घोडे

पूना हॉर्स या रेजिमेंटचं वेड मला नेमकं कधी लागलं ते सांगता येणार नाही. एकाहत्तरच्या लढाईच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना बसंतर, जरपाल, 'फॅमागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा आणि एकविसाव्या वर्षी गेलेले अरुण खेत्रपाल हे सगळं पाठच असतं. त्याआधी पासष्टच्या सप्टेंबरात बुटूर-डोग्रांडीला कर्नल अर्देशीर तारापोर पडले. एकाच रेजिमेंटकडे दोन परमवीर चक्रं. खेत्रपालांचा जन्म पुण्यातला, तारापोरांची शाळा पुण्यातली. पण हे दोन्ही योगायोगच. रेजिमेंटच्या नावात पुणं शिरलं ते त्यांच्या दीडशे वर्षं आधी, आणि ते कसं शिरलं हे शोधत गेलं की हाती लागतो एक तह आणि त्या तहापोटी फाडलेलं एक बिल. पैसे भरणाराचं नाव बाजीराव रघुनाथ, पंतप्रधान.

वसईच्या तहाची कहाणी वाचकांना शाळेपासून माहीत आहे, तेव्हा ती पळवतच नेतो. हडपसरला होळकरांनी धूळ चारली, बाजीराव महाडमार्गे समुद्रकिनारा गाठून वसईला पोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी कर्नल बॅरी क्लोजसमोर सही करून बसले. कंपनीने सहा पलटणी द्यायच्या, पेशव्यांनी त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. लॉर्ड वेलस्लीचं हे धोरण हैदराबादेत आधीच पार पडलं होतं. मित्राच्या रक्षणासाठी फौज पाठवायची, ती मित्राच्याच राजधानीशेजारी ठेवायची आणि पगार मित्राच्या महसुलातून काढायचा. इतक्या स्वच्छ हिशेबाचं परराष्ट्र धोरण हिंदुस्थानात तोवर कोणी चालवलं नव्हतं. आमच्याकडच्या सरदारांनीही चौथाई घेतली होती, पण चौथाई घेताना आपण मित्र आहोत असा आव त्यांनी आणला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल.

माझं मन अडकलं ते दुसऱ्या, कमी चर्चेतल्या तहात. १३ जून १८१७चा पुणे तह. गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरात झालेला खून, त्रिंबकजी डेंगळ्यांचं ठाण्याच्या किल्ल्यातून निसटणं, मे महिन्यात रेसिडेंट एल्फिन्स्टनने पुण्याभोवती आवळलेली फौज आणि सिंहगड, पुरंदर, रायगड ओलीस घेणं, हे सगळं त्याच्या आधीचं. तहातली मोठी कलमं सर्वांच्या तोंडी असतात: मराठी राज्यमंडळाचं नेतृत्व पेशव्यांनी सोडावं, परदरबारी वकील ठेवू नयेत, वगैरे. एचिसनने छापलेल्या तहांच्या संग्रहात तो सबंध वाचला की एक कलम मात्र हळूच वर येतं. १८०३च्या पुरवणी तहानुसार लढाईच्या वेळी पेशव्यांनी ५,००० स्वार आणि ३,००० पायदळ स्वतःचं आणायचं होतं. आता ते आणण्याची तसदी नको, असं कंपनी म्हणाली. ती फौज आम्हीच उभी करतो, आमच्या अंमलदारांच्या हाताखाली ठेवतो; आपण फक्त तिच्या खर्चाचा मुलूख द्या. रक्कम ठरली सालाना ३४ लाख. धारवाड गेलं, कुशगल गेलं, उत्तर कोकणातले तालुके गेले, नगरचा किल्ला कायमचा गेला.

म्हणजे आधी मित्राचं रक्षण करणाऱ्या फौजेचे पैसे मित्राने भरले. आता मित्राने मदतीला आणायच्या फौजेचेही पैसे भरायचे आणि ती फौज मात्र त्याची नसायची. या ३४ लाखांतून जे स्वार उभे राहिले त्यांना 'पूना ऑक्झिलरी हॉर्स' नाव मिळालं. रेजिमेंट आपला जन्म १५ जुलै १८१७ मानते. तहावरची शाई वाळून महिना आणि दोन दिवस झाले होते.

ही माणसं आणि घोडी इतक्या झटपट कुठून आली? ती शून्यातून आली नव्हती, आणि सबंध प्रकरणातली सर्वांत मराठी गोष्ट हीच आहे. कंपनीने आयती शिलेदारी उचलली. ज्याचा घोडा, ज्याचं हत्यार, त्याची नोकरी. दाणावैरण त्याची त्याने बघायची, त्या बदल्यात पगार चढा. बारगीराला घोडा मिळायचा तो दुसऱ्याचा. पेशवाईत ही पद्धत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. कंपनीच्या हातात तिला रोकडीचं रूप आलं: स्वाराची जागा म्हणजे 'असामी', आणि असामी ही मालमत्ता. ती विकत घेता येई, विकता येई. एखाद्याच्या नावावर अनेक असाम्या असत आणि त्यांवर तो बारगीर बसवून मिळकत खाई. घोडा मेला की स्वार बसला उपाशी, म्हणून पुढे सगळ्यांनी दरमहा थोडं थोडं घालून चंदा फंड चालवला. घोड्यांचा हा विमा रेजिमेंटच्या कारकुनाकडे असे. ही व्यवस्था पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली. फ्रान्सच्या चिखलात जनावरं शेकड्यांनी मरू लागल्यावर कुठला चंदा पुरणार? १९२१च्या सुमारास सरकारने ती गुंडाळली.

माझा अंदाज असा की १८१७च्या पावसाळ्यात शिरूरच्या छावणीत नाव नोंदवायला आलेल्यांत पेशव्यांकडचे थकलेल्या पगाराचे शिलेदार असणारच. घोडेस्वारी हा या पट्ट्यातला पिढीजात धंदा होता आणि कंपनीचा पगार तारखेला मिळे. त्यांना फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या धन्याच्या मुलखाच्या महसुलातून पगार निघत होता त्याच्याविरुद्ध आपण लढणार आहोत, हे त्यांना त्या जुलैत कोणी सांगितलं नव्हतं.

तशी या प्रकाराची रंगीत तालीम दापोडीत आधीच चालू होती. १८१२-१३च्या सुमारास एल्फिन्स्टनच्या सल्ल्याने बाजीरावांनी कवायती पायदळाची एक ब्रिगेड काढली. पैसा पेशव्यांचा, नोकरी पेशव्यांची, हुकूम कॅप्टन जॉन फोर्डचा. फोर्डने मुळेकाठी दापोडीला प्रशस्त बंगला बांधला. पुढे गव्हर्नर माल्कमच्या काळात तो सरकारने घेतला आणि भोवती वनस्पतींची बाग लावली. त्या बागेतल्या झाडांची एका अनाम इंडो-पोर्तुगीज चित्रकाराने काढलेली सुरेख चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. दापोडीला लोकलमधून उतरणाऱ्यांना लष्करी अभियांत्रिकीचं महाविद्यालय दिसतं. फोर्डचं नाव कोणाच्या गावीही नसतं.

या फोर्डचा पेशवे दरबारातला स्नेही म्हणजे मोरो दीक्षित मराठे. मराठ्यांच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा माणूस दोन ओळींपुरता येतो आणि जातो. मला मात्र त्या दोन ओळींनी सोडलं नाही. लढाई जुंपणार हे दोघांना कळून चुकलं होतं. दीक्षितांनी फोर्डला सांगितलं की मी धन्याचं मीठ खाल्लंय, मी त्यांच्याच बाजूने उभा राहणार. पण आमची सरशी झाली तर तुमच्या बायकामुलांच्या केसाला धक्का लागू देणार नाही. फोर्डनेही उलट तसाच शब्द दिला. त्या काळच्या पुण्यात असे करार होऊ शकत होते, आणि तेही सरकारी तहांपेक्षा अधिक इमानाने.

५ नोव्हेंबर १८१७ला खडकीला तोंड लागलं. संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली, एल्फिन्स्टनची पुस्तकं त्यात गेली. कंपनीच्या फौजेचा कर्नल बर पुढे सरकला आणि दापोडीहून फोर्डची ब्रिगेड त्याला मिळायला निघाली. पेशव्यांच्या खजिन्यातून पोसलेल्या पलटणी पेशव्यांवर चालून येत होत्या, आणि गंमत अशी की पेशव्यांच्या बाजूने डी पिंटो नावाचा पोर्तुगीज दुसरी कवायती पलटण घेऊन उभा होता. फोर्डची तुकडी मुख्य सैन्याला मिळण्याआधीच तिला कापून काढावं म्हणून मराठी घोडदळाची एक टोळी तिच्यावर सुटली. तिच्या पुढे होते मोरो दीक्षित. फोर्डजवळ लहान मैदानी तोफा होत्या. त्यांनी छर्रे सोडले आणि दीक्षित घोड्यावरून खाली आले ते गतप्राण होऊनच. स्नेह्याच्या बायकामुलांना अभय देणारा माणूस स्नेह्याच्याच तोफेने गेला. त्या तोफांचा आणि त्यांच्या बारुदाचा खर्च पुण्याच्या दरबाराने दिला होता. कंपनीच्या बाजूच्या लेखकांनी याला विलक्षण योगायोग म्हटलं आहे. मला यात योगायोग फारसा दिसत नाही. पंधरा वर्षं ज्या रीतीने मदत दिली-घेतली जात होती त्यातून कधी ना कधी हेच निघणार होतं.

आणि इथे कंपनीचा दुटप्पीपणाही नोंदवायला हवा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये माल्कम साताऱ्याजवळ माहुलीला बाजीरावांना भेटला, त्यांच्या गोड बोलण्यावर विरघळला आणि पेंढाऱ्यांच्या मोहिमेसाठी फौज वाढवा असं त्यानेच उत्तेजन दिलं. ओलीस ठेवलेले तिन्ही किल्ले परत मिळाले. एल्फिन्स्टनला हे पटलं नव्हतं. एकच कंपनी, एका हाताने तह लादते आणि दुसऱ्या हाताने शिबंदी वाढवायला सांगते. बाजीरावांनी दोन्ही हातांचा फायदा घ्यायचा प्रयत्न केला, एवढा एक राजकारणीपणा त्यांच्या खात्यावर जमा करायला हरकत नाही.

पूना ऑक्झिलरी हॉर्सची पहिली मोठी लढाई कोरेगावची. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई पायदळाची पलटण, मद्रासचे तोफची आणि लेफ्टनंट स्वान्स्टनच्या हाताखाली अडीचशेच्या आसपास हे नवे स्वार. पुढे काय झालं आणि त्याचा अर्थ काय, यावर आपल्याकडे इतकं लिहिलं-बोललं गेलं आहे, आणि १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे गेल्यापासून तिथल्या विजयस्तंभाला जो अर्थ आला आहे तो इतका वेगळा आणि मोठा आहे, की घोड्यांच्या निमित्ताने मी त्यात डोकं घालत नाही. इथे एवढंच पुरे: रेजिमेंटच्या युद्धसन्मानांच्या यादीत 'कोरीगाँव' हे पहिलं नाव लागलं.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने अशा सन्मानांचं काय केलं हे पाहण्यासारखं आहे. हिंदी सत्तांविरुद्ध मिळवलेले ब्रिटिशकालीन सन्मान 'अप्रशस्त' ठरवले गेले. त्यांचा दिवस साजरा करायचा नाही. इतिहास पुसला नाही, फक्त त्याची मेजवानी बंद केली. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पलटणीची परंपरा म्हणजे निवडून ठेवलेल्या आठवणी, आणि कुठल्या आठवणीवर पेला उचलायचा हे ठरवायचा हक्क जिवंत माणसांचाच.

ज्या आठवणीवर रेजिमेंट मनापासून पेला उचलते ती दूर इराणातली. ८ फेब्रुवारी १८५७, बुशहरजवळचं खुशाब. मुंबईच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीने कवायती पायदळाच्या चौकोनावर थेट घोडे घातले. लेफ्टनंट मूर पहिला आत शिरला, घोडा संगिनींवर कोसळला, हातातली तलवार मोडली. लेफ्टनंट माल्कमसन माघारी वळला, गर्दी कापत त्याच्यापाशी आला आणि आपली रिकीब त्याच्या हाती देऊन त्याला बाहेर काढलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. याच मोहिमेत पूना हॉर्सच्या हाती इराणी निशाण लागलं. त्याच्या टोकावर चांदीचा पंजा, पंज्यावर कुराणातली अक्षरं: यदुल्लाह फौक ऐदीहिम, देवाचा हात त्यांच्या हातांवर आहे. पुण्यात मोहरमचे पंजे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो परका वाटू नये. १९२१ला दोन्ही रेजिमेंटी एक झाल्या, तेव्हा चौकोन फोडण्याची गोष्ट आणि पंजा एकाच घरात आले.

आता राहिले बिल भरणारे. ३ जून १८१८ला बाजीराव माल्कमच्या हवाली झाले, सालाना आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला राहायला गेले आणि तिथे तेहतीस वर्षं जगले. केईने १८५७च्या इतिहासात त्यांच्याबद्दल एक मजकूर दिला आहे. अफगाण मोहिमेने कंपनीचा खजिना खरवडला गेला तेव्हा या म्हाताऱ्याने पाच लाखांचं कर्ज देऊ केलं. शिखांशी बिनसण्याची लक्षणं दिसल्यावर हजार स्वार आणि हजार पायदळ स्वखर्चाने उभं करून देतो असंही कळवलं. लाचारी म्हणा, हिशेबीपणा म्हणा, की मित्राला मदत करण्याची जन्मभराची खोड म्हणा. त्याच अफगाण मोहिमेत १८३९ला गझनीच्या वेढ्यात पूना हॉर्सचे स्वार होते, आणि गझनीही त्यांच्या सन्मानांत आहे.

जानेवारी १८५१मध्ये बाजीराव वारले. डलहौसीने तनखा बंद केला, नानासाहेबांचा अर्ज लंडनमध्ये फेटाळला गेला. सहा वर्षांनी कानपूर पेटलं. खुशाबला चौकोन फोडणारी तिसरी लाइट कॅव्हलरी तोवर इराणहून परतली होती. सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर तिने झाशी आणि काल्पी गाठली. समोर होते तात्या टोपे, बिठूरच्या वाड्यात लहानाचे मोठे झालेले.