जंगोची चित्रकथा कोणी काढावी?

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे हजारो गोंड भाविक लोटतात. या गुहेत कोंडलेल्या कली कंकालीच्या मुलांचा जंगो रायताडने आईच्या मायेने सांभाळ केला, असे गोंडी परंपरा सांगते. ही कथा मुलींसाठी चित्रांतून सांगायची, तर ती कोणाच्या हाताने, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. जपानला तो फार पूर्वी पडला होता.

तेथे मुलींच्या चित्रकथांना ‘शोजो मांगा’ म्हणतात. ओसामु तेझुका यांनी १९५३ साली राजपुत्र म्हणून वावरणाऱ्या राजकन्येची कथा सुरू केली. त्या काळी मुलींसाठी चित्रे काढणारे बहुतेक पुरुषच. पुढे नियतकालिकांनी स्पर्धा लावून वाचक मुलींकडूनच चित्रकथा मागविल्या. प्रकाशकांना त्यात खपाचे गणित दिसत होते, स्त्रीमुक्ती नव्हे! पण त्या पिढीत लेखणी आणि कुंचला स्त्रियांच्या हाती आला. रियोको इकेदा यांच्या १९७२ मधील ‘व्हर्सायचा गुलाब’मध्ये मुलगा म्हणून वाढविलेली ओस्कार राजरक्षकांची अधिकारी होते आणि फ्रेंच राज्यक्रांतीत जनतेच्या बाजूने उभी राहते. आज्ञाधारक नायिकेपासून हे अंतर केवढे!

गोंडांकडे असा हात आहेच. मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी ‘भीमायन’ (२०११) या डॉ. आंबेडकरांवरील चित्रग्रंथात ठरीव चौकटी नाकारल्या आणि बायका घराच्या भिंतींवर काढतात त्या ‘डिग्ना’ नक्षीने पाने विभागली. सालेकशाच्या शाळकरी मुलींकडून जंगोची कथा मागविणारा, आणि त्यांना रीतसर मानधन देणारा, प्रकाशक मात्र हवा.