कोसबादचं घड्याळ

जूनमध्ये कॉलेजच्या फाटकावर फलक लागतो : प्रवेश सुरू. नेमक्या त्याच आठवड्यात डहाणू तालुक्यातल्या चिखल्याच्या पूर्वेला, रेल्वेच्या रुळापलीकडच्या पाड्यांवर भाताची पेरणी चालू असते. जुलैत कॉलेज भरतं, तेव्हा पाडा गुडघाभर चिखलात लावणीला उतरलेला असतो. ऑक्टोबरात परीक्षा आणि कापणी हातात हात घालून येतात, मग गवत कापणी, मग दिवाळी. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतं, तोवर निम्मा पाडा वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघून गेलेला असतो. तो परत येतो शेताचा राब भाजायला, म्हणजे उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर. विद्यापीठाचं वर्ष आणि वारली शेतमजुराचं वर्ष एकमेकांना इतक्या काटेकोरपणे चुकवतात की कोणी ठरवून आखलं असतं तरी एवढं जमलं नसतं.

प्रौढ शिक्षण आता कॉलेजांकडे सोपवावं, समुदाय महाविद्यालयं काढावीत, असं गेली काही वर्षं वारंवार बोललं जातं. कल्पना वाईट नाही. पण डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात बसून ती ऐकली की आधी आठवते ती घोलवडहून आत गेल्यावर लागणारी कोसबादची टेकडी. समुदाय महाविद्यालय हा शब्द इकडे कोणी उच्चारलाही नव्हता, तेव्हा त्या टेकडीवर त्याची बरीचशी कामं चालू होती. या लेखात ओळख करून द्यायची आहे ती त्या टेकडीची, आणि तिच्या घड्याळाची.

सुरुवात मात्र टेकडीवर झाली नाही, किनाऱ्यावर झाली. बोर्डीला गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा 1920 पासून होती, सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल. आचार्य शंकर रामचंद्र भिसे आणि चित्रे गुरुजी या जोडीमुळे ते गाव शिक्षणाचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं होतं. 1945 मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणात मोठं काम केलेलं होतं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला होता. बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबतीला पुण्याच्या हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या या बाईंनी पुढच्या परीक्षा नोकरी सांभाळून दिल्या, आणि बी.ए. केलं ते पन्नाशीच्या सुमाराला. प्रौढ विद्यार्थी कसा असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

केंद्राची बालवाडी होती, साहित्य होतं, बाई होत्या. दलित वस्तीतली आणि आदिवासींची मुलं मात्र येत नव्हती. यावर बहुतेक संस्था पालकांची सभा घेतात आणि शिक्षणाचं महत्त्व सांगतात. ताराबाई-अनुताईंनी शाळाच उचलली आणि वस्तीच्या अंगणात नेऊन मांडली. अंगणवाडी ती हीच. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने 33 ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज हा शब्द देशभर सरकारी कागदांत सापडतो. बोर्डीचं अंगण मात्र त्यातून कधीच पुसलं गेलं आहे.

1957 मध्ये केंद्राचं बिऱ्हाड कोसबादच्या टेकडीवर गेलं, थेट वारली पाड्यांच्या मधोमध. इथे अडचण आणखी वेगळी निघाली. पाच-सहा वर्षांचं मूल शाळेत येत नाही, कारण त्याच्या कमरेवर धाकटं भावंड असतं. आठ-दहा वर्षांचं येत नाही, कारण ते गुरांमागे असतं. मोठं येत नाही, कारण ते मजुरीवर असतं. तिघांची तीन कारणं, आणि कोसबादने उत्तरंही तीन काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे भावंड कडेवर घेऊनच ताई वर्गात येऊ शकली. या एकत्र शाळेला नाव दिलं विकासवाडी. गुराख्यांसाठी शिक्षकच कुरणात गेले. गुरं चरताहेत, पोरं झाडाखाली बसलीत, बिया-शंख-पानांवर मोजणी चाललीय, आणि एखादी गाय कुणाच्या शेतात शिरली की विद्यार्थी उठून पळतोय. ही कुरणशाळा. आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचा वर्ग.

हे वाचताना माँटेसोरी पद्धतीचं देशी रूप, स्वस्त साहित्य वगैरे गोष्टींचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण मला कोसबादचा खरा शोध वेळापत्रकाचा वाटतो. शिकवायचं काय, याआधी त्यांनी विचारलं की हा माणूस मोकळा कधी असतो. जिथे तो मोकळा नव्हताच, तिथे त्याच्या कामाच्या जागीच वर्ग भरवला. कुरणशाळेत शाळा सुटण्याची वेळ गुरं ठरवत.

याच मुलखात प्रौढ शिक्षणाचा आणखी एक धडा गिरवला गेला, त्याला फळा-खडूसुद्धा लागला नाही. गोदावरी परुळेकर या कायद्याच्या पदवीधर. तीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत त्यांनी साक्षरतेची मोहीम चालवली होती. नंतर त्या आणि त्यांचे पती शामराव परुळेकर किसान सभेच्या कामासाठी इकडे आले. 23 मे 1945 ला तलासरीजवळ झरी गावात आदिवासींची मोठी सभा झाली आणि वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी गडी म्हणून राबवायची लग्नगडी पद्धत मोडायचं ठरलं. त्या लढ्यातल्या मागण्या पाहा : दिवसाला बारा आणे मजुरी, आणि पाचशे रत्तल गवत कापण्याचे अडीच रुपये. मागणी म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. मी त्या गणित म्हणून वाचतो. पाचशे रत्तल म्हणजे किती भारे, काटा कोणाच्या हातात, अडीच रुपयांत माझ्या वाट्याला किती, हे समजल्याशिवाय ही मागणी तोंडातून निघूच शकत नाही. सावकाराच्या वहीत अंगठा उठवणाऱ्या माणसाला आकडा बोलता आला, तेव्हाच वही हलली. पुढे गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं, आणि त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आज तलासरीत आदिवासी प्रगती मंडळाचं कॉलेज आहे, त्याला गोदावरी शामराव परुळेकर यांचंच नाव आहे. दहातले नऊ लोक आदिवासी असलेल्या तालुक्यात पदवीचे वर्ग भरतात, ही झरीच्या सभेतल्या माणसांच्या नातवंडांची कमाई आहे. बोर्डीलाही गोखले सोसायटीचं विज्ञान महाविद्यालय आहे. म्हणजे कॉलेज आता पाड्यापासून फार लांब राहिलेलं नाही. मग प्रौढांचे वर्ग तिकडे का नेऊ नयेत?

नेण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं मुळीच नाही. 1977 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठांचं तिसरं कर्तव्य मानलं. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1978 ला, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. मुंबई विद्यापीठात प्रौढ व निरंतर शिक्षणाचा विभाग झाला, कॉलेजचे विद्यार्थी वस्त्यांमध्ये शिकवायला जाऊ लागले. पुढे त्या विभागाचं नाव आजीवन अध्ययन व विस्तार असं झालं. आता संलग्न कॉलेजांतली मुलं त्याखाली 120 तासांचं काम करतात, स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करतात, अहवाल लिहितात आणि दहा गुण मिळवतात. मुलांचं भलं होतं, यात शंका नाही. फक्त वाटेत कुठेतरी विद्यार्थी बदलला. आधी शिकणारी ती वस्तीतली बाई होती, आता शिकणारा तो पाहणीचा फॉर्म भरून घेणारा मुलगा आहे. बाई उत्तरं देते.

दुसरी वाट मुंबईतच 1967 मध्ये वरळीला निघाली, श्रमिक विद्यापीठाची. गिरणगावातल्या कामगाराला पाळीच्या वेळा सांभाळून शिकता यावं, ही तिच्यामागची कल्पना. म्हणजे पुन्हा घड्याळच. या संस्था देशभर पसरल्या, 2000 मध्ये त्यांचं जन शिक्षण संस्थान झालं, आणि 2018 मध्ये त्या शिक्षण खात्यातून कौशल्य विकास खात्यात गेल्या. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणं दिसायला किरकोळ. पण शिक्षण खातं विचारतं, वाचता येतं का. कौशल्य खातं विचारतं, रोजगार लागला का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, तरी दुसऱ्या प्रश्नापुढे पहिला हळूहळू मुका होतो.

तिसरी वाट म्हणजे खुद्द समुदाय महाविद्यालय. कल्पना अमेरिकेची, इलिनॉय राज्यात जोलिएट इथे 1901 मध्ये असं पहिलं सार्वजनिक कॉलेज सुरू झालं. आपल्याकडे 1995 मध्ये पुदुच्चेरीत तिचं रोप लागलं आणि 2013 च्या सुमारास अनुदान आयोगाने देशभरासाठी योजना केली : स्थानिक गरजेचे अभ्यासक्रम, उद्योगांशी जोड, श्रेयांक, वयाची अट नाही. वयाची अट नाही हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. पुढे कळलं की पदविकेच्या दारात बहुधा बारावीची अट उभी असते. पंचेचाळीस वर्षांची बाई वयाने आत येऊ शकते, निकालपत्राने नाही.

या बाबतीत नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जास्त शहाणं निघालं होतं. 1989 मध्ये ते सुरू झालं आणि शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. तो पार केला की बारावीशिवाय पदवीला बसता येई. वर्ग भरत ते नेहमीच्याच कॉलेजांमध्ये, पण रविवारी. इमारत तीच, बाकं तीच, बदललं होतं फक्त घड्याळ आणि दारावरची पाटी. पोलीस शिपाई, गृहिणी, कारखान्यातले कामगार त्या रविवारांवर पदवीधर झाले. प्रौढ शिक्षण कॉलेजात नेण्याचं आपल्या भाषेतलं सर्वांत मोठं उदाहरण शोधायचं तर ते हेच, आणि त्याला कोणी समुदाय महाविद्यालय म्हणत नाही.

इमारत बदलली की माणसं गळतात, ही भीती काही आपल्यापुरती नाही. कॅलिफोर्नियात प्रौढांच्या शाळा मोठ्या प्रमाणावर शालेय जिल्ह्यांकडे होत्या, गल्लीतल्याच शाळेत संध्याकाळी भरत. 2013 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सुचवलं की हे काम समुदाय महाविद्यालयांकडे द्यावं, त्यासाठी 30 कोटी डॉलरची तरतूदही मांडली. विरोध झाला. इंग्रजी शिकणारी स्थलांतरित आई पोराच्या शाळेत रात्री जाऊन बसेल, पण दूरच्या कॉलेजच्या आवारात वाहन लावायला जागा शोधत फिरेल का, असा साधा सवाल होता. शेवटी शाळा आणि कॉलेजं यांनी विभागवार एकत्र बसून काम वाटून घ्यावं, यावर गाडं थांबलं. तिथली वाहन लावायची जागा आणि आपल्याकडची संध्याकाळची शेवटची एसटी, या एकाच जातीच्या अडचणी आहेत.

एक मात्र मान्य करायला हवं. पाड्यावरच्या वर्गाचं कौतुक करताना आपण त्याचं आयुष्य विसरतो. अनुदान आलं की कंदील पेटतो, संपलं की विझतो. कंदील विझल्यावर शिकलेल्या बाईच्या हातात काही उरत नाही, ना दाखला, ना पुढची पायरी. बँकेत, बचतगटाच्या कर्जाला, आश्रमशाळेतल्या स्वयंपाकिणीच्या जागेला कागद लागतो. कॉलेज तो कागद देऊ शकतं आणि दरवर्षी तिथेच उभं असतं. टेकडीवरचं काम टिकलं त्यात ताराबाई-अनुताईंच्या जिद्दीइतकाच जवळ असलेल्या कायमच्या संस्थांचाही वाटा आहे. गोखले सोसायटीची कृषी संस्था तिथेच होती, सत्तरच्या दशकात कृषी विज्ञान केंद्र आलं, आणि वर्गात न बसणाऱ्या माणसाला शेतातच शिकवण्याचं काम निराळ्या अंगाने पुढे चालू राहिलं.

त्यातलं एक शिक्षण जवळून पाहण्यासारखं आहे. चिखले-घोलवडच्या वाड्या चिकूच्या. घोलवडला चिकू आला तो 1898 च्या सुमारास, मूळचा मध्य अमेरिकेतला हा परदेशी पाहुणा. 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण इथल्या जमिनीत तो उभा आहे तो बहुतेक रायणीच्या पायावर. रायण, म्हणजे खिरणी, आपल्याकडचंच हळू वाढणारं चिवट झाड. पिशवीतलं रायणीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की ते उचलून चिकूच्या मातृवृक्षाजवळ न्यायचं. फांदीच्या उंचीवर मांडव करून ठेवायचं किंवा फांदीलाच टांगायचं. दोघांची साल बोटभर लांब, सारख्या मापाने तासायची, जखमेवर जखम बसवायची आणि पट्टीने घट्ट बांधायचं. हे भेटकलम. यात झाड रोपाकडे येत नाही, रोप झाडाकडे न्यावं लागतं. आणि फांदी लगेच तोडायची नसते. दोन-तीन महिने ती दोन्हीकडून रस घेत राहते, तिकडे आईचा, इकडे रायणीचा. पिशवीला पाणी द्यायचं विसरलं तर वर हिरवी दिसणारी फांदी खालून सुकलेली असते. घाईने कापली तर कलम जातं. पाहून पाहून हे शिकलेल्या बाईची बोटं कुठल्याही पदवीधराला लाजवतील. तिच्या या विद्येला श्रेयांक किती द्यायचे, हा प्रश्न एखाद्या अभ्यास मंडळाने गंभीरपणे घ्यावा, असं मला वाटतं.

आता डहाणूच्याच किनाऱ्यावर, वाढवणला, बंदर येतंय. 30 ऑगस्ट 2024 ला त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि दुसरीकडे बंदराला लागणाऱ्या कौशल्यांच्या अभ्यासक्रमांची भाषा सुरू झाली आहे. क्रेन, गोदाम, वाहतूक. शिकवावं जरूर. पण एवढ्यावर थांबलं तर समुदाय महाविद्यालयातला समुदाय नुसता पाटीपुरता राहील. बंदराच्या करारातला आकडा, जमिनीच्या नोटिशीतली मुदत, वनहक्काच्या दाव्यातला नकाशा वाचता येणं, हेही याच पट्ट्यातलं प्रौढ शिक्षण आहे. पाचशे रत्तल गवताचंच ते पुढचं उदाहरण.

कधी शिकवायचं, हे मात्र पाड्याने आधीच सांगून ठेवलंय. जुलैअखेर लावणी उरकते. भात कापणीला यायला दसरा उजाडतो. मधले आठ-नऊ आठवडे माणूस गावात असतो, भट्टीची गाडी अजून आलेली नसते, हातात काम थोडं आणि डोक्यावर पाऊस असतो. कॉलेजात त्या दिवसांत गणपतीची सुट्टी आणि घटक चाचणी चालते. टेकडीवर आणि वाड्यांत कलमं बांधायचेही दिवस हेच. हवेत ओल असते, रस चढता असतो. श्रावणात बांधलेली फांदी दिवाळीच्या आसपास सुटी करता येते.