किंगफिश, दगडी भिंत आणि शेवटचे तीन मीटर

मुंबई-गोव्यातल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘किंगफिश’ असे लिहिलेले असले की ताटात सुरमई येणार, हे खवय्यांना सांगावे लागत नाही. गोव्यात हाच मासा ‘इसवण’ म्हणून ओळखला जातो. मात्र सिडनीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाने तिथल्या मासळीबाजारात ‘किंगफिश’ मागितला, तर त्याच्या हाती वेगळाच मासा पडतो. निळसर-हिरवी पाठ, रुपेरी पोट, अंगावरून गेलेला पितळी पट्टा आणि पिवळीधमक शेपटी असे त्याचे रूप असते. ‘यलोटेल किंगफिश’ हे त्याचे पूर्ण नाव, तर ‘सेरिओला ललांडी’ हे शास्त्रीय नाव. सुरमई ही बांगडा आणि ट्यूना यांच्या कुळातली. हा पिवळ्या शेपटीचा किंगफिश मात्र आपल्याकडच्या हलव्याच्या कुळातला आहे. आपल्या सुरमईला ऑस्ट्रेलियात ‘स्पॅनिश मॅकरल’ म्हणतात.

नावाचा हा घोटाळा बाजारापुरताच असला, तरी या माशाची ख्याती बाजारापेक्षा समुद्रकिनाऱ्यावर अधिक आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात हौशी मासेमार होडीत न बसता, किनाऱ्यावरच्या खडकांवर किंवा बंदराच्या दगडी भिंतीवर उभे राहून या माशामागे लागतात. एरवी ज्यासाठी खोल समुद्रात जावे लागते, असा ताकदवान मासा पायाखाली जमीन असताना पकडणे हे तिथे कौशल्याचे परमोच्च टोक मानले जाते. याच छंदाची दुसरी बाजू अशी, की खडकांवरची मासेमारी ही ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत जीवघेण्या छंदांपैकी एक समजली जाते. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच ठिकाणी आहे. दगड आणि पाणी जिथे भेटतात, त्या शेवटच्या दोन-तीन मीटरांच्या पट्ट्यात.

कैद्यांनी बांधलेली भिंत

नदीमुखाजवळचे बंदर लाटांपासून सुरक्षित राहावे म्हणून समुद्रात प्रचंड दगड रचून बांध घालतात. मराठीत त्याला लाटारोधक भिंत म्हणता येईल. ऑस्ट्रेलियात ‘ब्रेकवॉल’ हा शब्द रूढ आहे. सिडनीच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेले न्यूकॅसल हे कोळशाच्या निर्यातीचे मोठे बंदर. तिथे हंटर नदीच्या मुखाशी अशा दोन भिंती आहेत. दक्षिणेकडच्या भिंतीचे काम १८१८ मध्ये ब्रिटिशांनी शिक्षा देऊन पाठवलेल्या कैद्यांकडून सुरू करून घेण्यात आले आणि किनारा व नॉबीज हे बेट जोडण्याचे काम १८४६ मध्ये पूर्ण झाले. उत्तरेकडच्या स्टॉकटन भिंतीच्या पोटात तर बुडालेली जहाजे आहेत. १८६६ मध्ये ‘कवारा’ हे वाफेवर चालणारे जहाज इथे बुडाले, तेव्हा जहाजावरची केवळ एक व्यक्ती वाचली. १९०४ मध्ये ‘अडॉल्फ’ हे चार डोलकाठ्यांचे फ्रेंच जहाज याच जागी जुन्या अवशेषांवर आदळले. त्यावरचे खलाशी मात्र सुखरूप बाहेर काढण्यात आले. पुढे भिंत बांधताना हे अवशेष तिच्यातच सामावून घेतले गेले. अडॉल्फचा गंजलेला सांगाडा आजही तिथे दिसतो.

बंदरासाठी बांधलेली ही भिंत माशांच्या दृष्टीने कृत्रिम खडकच ठरते. दगडांच्या कपारींत शेवाळ, शिंपले आणि खेकडे राहतात. त्यांच्यामागून लहान मासे येतात. ओहोटीला नदीतून बाहेर पडणारे पाणी खाद्य घेऊन येते आणि भिंतीच्या टोकाशी समुद्राच्या प्रवाहाला मिळते. अशा ठिकाणी भोवरे तयार होतात, लहान मासे गोंधळतात आणि शिकारी माशांची सोय होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे उबदार पाण्याचा मोठा सागरी प्रवाह वाहतो. दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरनंतर, हे उबदार पाणी किनाऱ्याला भिडते आणि त्याबरोबर किंगफिशचे थवे भिंतीच्या आवाक्यात येतात. हा हंगाम शरद ऋतूपर्यंत, म्हणजे साधारण मेपर्यंत चालतो.

आधी आमिष, मग मासा

किंगफिश धरण्याची सुरुवात लहान मासे धरण्यापासून होते. जाणकार मासेमार पहाटे भिंतीवर पोहोचून पावाचा चुरा पाण्यात टाकतात आणि बारीक गळाने बोटभर-वीतभर मासे पकडतात. आपल्या बांगड्याचा जवळचा नातलग असलेला ‘स्लायमी मॅकरल’ त्यांत विशेष पसंतीचा असतो. हे मासे बादलीत, हवा सोडणाऱ्या छोट्या पंपाच्या साहाय्याने जिवंत ठेवले जातात. याहून उत्तम आमिष म्हणजे जिवंत माकूल. मोठा किंगफिश माकूल सहसा सोडत नाही, असा अनुभव आहे.

जिवंत आमिष गळाला लावून तरंगत्या बोयाखाली किंवा फुगवलेल्या फुग्याखाली प्रवाहाबरोबर सोडून दिले जाते. दुसरी पद्धत कृत्रिम आमिषाची. लाकडी वा प्लॅस्टिकचा मासा दूर फेकून तो पाण्याच्या पृष्ठभागावरून जखमी माशासारखा वेडावाकडा ओढत आणायचा. किंगफिश हा जिज्ञासू मासा आहे. अनेकदा चार-पाच मासे आमिषाच्या मागे भिंतीपर्यंत येतात, पाहतात आणि परत फिरतात. अशा वेळी आमिषाचा वेग कमी करण्याऐवजी वाढवावा, असे सांगितले जाते. पळणारे भक्ष्य पाहून शिकाऱ्याचा संयम सुटतो.

साधनेही साधी नसतात. विणलेली, पन्नास ते ऐंशी पौंड ताण सोसणारी दोरी, तिच्या टोकाला दगडावर घासली तरी चटकन न तुटणारा जाड तंगूस, मजबूत रीळ आणि छातीइतक्या ताकदीने रेटता येईल अशी काठी असा सरंजाम लागतो. साध्या नदीकाठच्या गळाने या माशाशी गाठ पडली, तर काही सेकंदांत रीळ रिकामे होते.

खडकाकडे धावणारा मासा

गळ लागल्यावर बहुतेक वेगवान मासे मोकळ्या समुद्राकडे पळतात. किंगफिशची रीत वेगळी आहे. तो खाली, तळाकडे आणि जवळच्या खडकाकडे सूर मारतो. दगडाच्या धारेवर दोरी घासली की ती तुटते आणि मासा मोकळा होतो. होडीतल्या मासेमाराला होडी बाजूला घेता येते. भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालीच ते खडक असतात. म्हणून रिळाचा ब्रेक आधीच घट्ट करून ठेवावा लागतो आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात माशाला शक्य तितकी कमी दोरी द्यावी लागते. पुष्कळ झुंजींचा निकाल या अर्ध्या मिनिटातच लागतो.

वीस किलोचा मासा या मार्गाने धरणे ही आयुष्यभराची आठवण मानली जाते. या जातीचा मासा याहून पुष्कळ मोठा होतो. न्यूझीलंडमध्ये १९८४ मध्ये पकडलेल्या किंगफिशचे वजन ५२ किलो भरले होते. या दोन देशांमधला समुद्रही त्याला अडवू शकत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९७३ पासून मासे खूण लावून परत सोडण्याचा उपक्रम चालतो. त्यात खूण लावलेले काही किंगफिश टास्मान समुद्र ओलांडून न्यूझीलंडच्या पाण्यात सापडले आहेत.

मासा थकून जवळ आला, की खरी परीक्षा सुरू होते. भिंतीच्या माथ्यापासून पाणी काही मीटर खाली असते. पंधरा किलोचा मासा दोरीने उचलायला गेल्यास दोरी तुटण्याची भीती असते. त्यामुळे कोणीतरी लांब दांड्याचे जाळे किंवा आकडा घेऊन ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून खाली उतरतो. त्याची नजर माशावर असते. समुद्राकडे पाठ किंवा कूस असते. बेसावधपणाचा हाच क्षण जीवघेणा ठरू शकतो.

‘अचानक’ आलेली लाट

अशा दुर्घटनांनंतर ‘लाट अचानक आली’ असे नेहमी सांगितले जाते. समुद्राच्या दृष्टीने ती अचानक नसते. शेकडो किलोमीटर दूरच्या वादळात निर्माण झालेल्या लाटा गटागटाने किनाऱ्यावर येतात. दहा-पंधरा मिनिटे सारे शांत असते आणि नंतर चार-पाच मोठ्या लाटांचा गट येतो. लाटेची उंची दुप्पट झाली, की तिच्यातली ऊर्जा चौपट होते. दोन लाटांमधले अंतर जितके जास्त सेकंदांचे, तितके पाणी दगडांवर अधिक वर चढते. म्हणूनच उंचीच्या जोडीला हा कालावधीही हवामानाच्या अंदाजात पाहणे आवश्यक असते. भिंतीवर गेल्यावर साहित्य सोडण्यापूर्वी किमान अर्धा तास समुद्राकडे पाहत उभे राहावे, कोणते दगड ओले होतात ते लक्षात ठेवावे, हा त्यामागचा साधा नियम. ओला दगड म्हणजे तिथपर्यंत पाणी पोहोचल्याची पावती.

मासा वर घेण्याची जागाही गळ टाकण्यापूर्वीच ठरवावी लागते. अशी सुरक्षित जागा दिसत नसेल, तर तिथे गळ टाकू नये. खिळ्यांचे तळ असलेले बूट, हलके कपडे आणि सोबत किमान एक जोडीदार या गोष्टी अपरिहार्य समजल्या जातात. उतरण्याच्या क्षणी लाटांचा गट येताना दिसला, तर दोरी कापून मासा सोडून द्यावा. हा शेवटचा नियम पाळायला सर्वांत कठीण.

पाण्यात पडल्यास पुन्हा दगडांवर चढण्याची धडपड करू नये, असे जीवरक्षक सांगतात. प्रत्येक लाट माणसाला त्याच दगडांवर आपटते. भिंतीपासून दूर पोहत जाऊन तरंगत राहणे आणि मदतीची वाट पाहणे हाच जगण्याचा मार्ग असतो. वर उभ्या असलेल्या सोबत्यानेही उडी न मारता तरंगणारी वस्तू फेकावी आणि आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. यासाठी १९९० च्या दशकापासून मासेमारांच्याच पुढाकाराने न्यू साउथ वेल्सच्या धोक्याच्या खडकांवर ‘एंजल रिंग’ नावाची तरंगती कडी बसवली जाऊ लागली.

कायदा आणि भाषा

न्यू साउथ वेल्स सरकारने २०१६ मध्ये खडकांवरील मासेमारीच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा केला. ज्या पालिका क्षेत्रांत तो लागू आहे, तिथे समुद्रकाठच्या खडकांवरून मासेमारी करताना जीवरक्षक जॅकेट घालणे बंधनकारक असून, न घातल्यास १०० डॉलर दंड होतो. सुरुवात सिडनीच्या रँडविक पालिकेपासून झाली. दगडी भिंतीवर जॅकेट घालण्याचे शहाणपण मात्र कायद्याच्या हद्दीवर अवलंबून नाही.

या दुर्घटनांत मरण पावणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण प्रचंड आहे आणि परदेशातून येऊन स्थायिक झालेल्यांची संख्याही लक्षणीय आहे. जिथे लहानपण गेले त्या समुद्राचा स्वभाव माणसाला ठाऊक असतो. नव्या देशातल्या समुद्राचा नसतो. त्यामुळे सुरक्षिततेची माहिती इंग्रजीखेरीज इतर भाषांतही देण्यात येते. ऑस्ट्रेलियातली भारतीय लोकवस्ती झपाट्याने वाढत असताना तिथल्या मराठी कुटुंबांनीही ही बाब ध्यानी घेण्याजोगी आहे.

मासा राहिला कसा?

एकेकाळी हा मासा दुर्मीळ होण्याच्या वाटेवर होता. समुद्रात तरंगत ठेवलेल्या मोठ्या सापळ्यांत तो थव्यांनी अडके. १९९६ मध्ये या सापळ्यांवर बंदी आली. हौशी मासेमारांवरही निर्बंध आहेत. ६५ सेंटिमीटरपेक्षा लहान किंगफिश ठेवता येत नाही आणि एका व्यक्तीला दिवसाला पाचच मासे नेता येतात. गळ टाकण्यासाठी सरकारी शुल्क भरावे लागते; तो पैसा मासेमारीच्या विकासासाठीच्या निधीत जातो. न्यूकॅसलच्या दक्षिणेला असलेल्या मॅक्वारी सरोवरात २००२ मध्ये व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. आज तिथेही किंगफिशसाठी हौशी मासेमार गर्दी करतात.

यात एक त्रुटी आहे. किंगफिशची मादी साधारण ८० सेंटिमीटर ओलांडल्यावरच प्रजननक्षम होते. म्हणजे कायद्याने ठेवता येणाऱ्या अनेक माद्यांनी अद्याप एकदाही अंडी घातलेली नसतात. हे ओळखून अनेक मासेमार कायद्यापेक्षा कडक नियम स्वतःला लावून घेतात. एखादाच मासा घरी नेतात आणि बाकीचे सोडून देतात. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान निश्चित केले आहे. त्याची अंमलबजावणी शेवटी पकडणाऱ्याच्या आणि विकत घेणाऱ्याच्या विवेकावरच अवलंबून राहणार.

आपल्या किनाऱ्यावर

मुंबईत पिवळ्या शेपटीचा किंगफिश मिळत नाही. पण दगड, लाट आणि गळ हे समीकरण मुंबईकरांना अपरिचित नाही. मरीन ड्राइव्ह, वरळी आणि वांद्र्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गळ टाकून बसलेली माणसे नेहमी दिसतात. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर उतरणाऱ्यांचा पाय घसरतो, फटीत अडकलेल्यांना अग्निशमन दलाला बाहेर काढावे लागते आणि पावसाळ्यात भरतीच्या दिवशी जीवही जातात. टेट्रापॉड असो की कैद्यांनी रचलेले दगड, दोन्हींचे काम लाटेचा मार अंगावर घेणे हे आहे. माणसाने उभे राहण्यासाठी ते रचलेले नाहीत.

न्यूकॅसलच्या भिंतीवर वर्षानुवर्षे गळ टाकणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते. सुटलेला मासा पुढच्या उन्हाळ्यात उबदार प्रवाहाबरोबर परत येऊ शकतो, या हिशेबानेच तो दोरी कापण्यासाठी चाकू खिशात ठेवतो.